फॉस्फाझिनपासून सच्छिद्र पॉलिमर: पुण्यातल्या कॉलेज लॅबमध्ये जमेल अशी कृती

पहिल्यांदा हा पॉलिमर केला तेव्हा माझं यील्ड (हिशोबाच्या तुलनेत मिळालेला माल) ११८ टक्के आलं. हिशोबाने १.०१ ग्रॅम यायला हवं होतं आणि बाटलीत १.१९ ग्रॅम पावडर. मी खूश. सरांनी बाटली उघडली, हाताने वास नाकाकडे घेतला आणि एवढंच विचारलं, "डीएमएसओ धुतलंस का?" डीएमएसओ म्हणजे रिऍक्शनसाठी वापरलेलं गंधकयुक्त सॉल्व्हंट. बाटलीतून उकडलेल्या कोबीसारखा मंद वास येत होता. पुढे बीईटीला (वायू शोषवून पृष्ठफळ मोजायच्या चाचणीला) सॅम्पल गेलं आणि ग्रॅममागचं पृष्ठफळ दोन आकडी आलं. सच्छिद्र म्हणवणाऱ्या पदार्थाला ही शरमेची गोष्ट. छिद्रं तयार झाली होती, पण त्यांत सॉल्व्हंट ठाण मांडून बसलं होतं.

म्हणून या लेखात रिऍक्शनपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांवर जास्त शाई खर्च केली आहे. एमएससीच्या चौथ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी हे काम मला फार सोयीचं वाटतं. ग्लोव्ह बॉक्स (हवाबंद पेटी) लागत नाही, महाग धातू लागत नाहीत, आणि फॉस्फरस-नायट्रोजन रसायन, पॉलिमर, एनएमआर (चुंबकक्षेत्रात रेणूची रचना ओळखण्याचं तंत्र), वायुशोषण हे सगळं एकाच प्रोजेक्टात हाताखालून जातं.

मांडणी अशी. सुरुवात हेक्साक्लोरोसायक्लोट्रायफॉस्फाझिनपासून. नाव लांब आहे, लॅबमध्ये सगळे 'ट्रायमर' म्हणतात. तीन फॉस्फरस आणि तीन नायट्रोजन आलटून पालटून जोडलेली सहा अणूंची रिंग, आणि प्रत्येक फॉस्फरसवर दोन क्लोरीन. लीबिश आणि व्हलर यांनी १८३४ मध्ये फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि अमोनियापासून हा पदार्थ मिळवला होता. पहिल्या पायरीत या सहा क्लोरीनच्या जागी ४-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइडचे सहा हात लावायचे, म्हणजे सहा दिशांना आल्डिहाइड असलेला हेक्साआल्डिहाइड मिळतो. दुसऱ्या पायरीत त्याला मेलामाइनशी जोडून जाळं विणायचं. मेलामाइन आणि आल्डिहाइड डीएमएसओमध्ये कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय तापवून सच्छिद्र जाळं करण्याची पद्धत जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात ग्रॅममागे १,३०० चौ. मीटरच्या वर पृष्ठफळ मिळालं होतं. आपला हेक्साआल्डिहाइड त्यांच्या ताठ आल्डिहाइडपेक्षा लवचिक आहे. ऑक्सिजनपाशी हात वळतात आणि जाळं स्वतःच्या अंगावर कोसळतं. तेव्हा तेवढ्या आकड्याची आशा धरू नका.

पुण्यात बसून हे काम करण्यात एक मजा आहे. पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये आम्ल आणि अल्कलीत टिकणारे कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क (सहसंयुज बंधांची स्फटिकी सेंद्रिय जाळी) करून दाखवले. शेजारच्या आयसरमध्ये (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) बूमीशंकर यांचा गट फॉस्फरस-नायट्रोजन लिगंडवर (धातूला धरणाऱ्या रेणूंवर) आणि सुजित घोष यांचा गट धातू-सेंद्रिय फ्रेमवर्कवर काम करतो. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच फ्रेमवर्कसाठी मिळालं. विषय दूरचा नाही, रिक्षाच्या अंतरावरचा आहे.

ट्रायमर विकत घ्या, घरी करू नका

दरवर्षी एखादा उत्साही विद्यार्थी विचारतो, "सर, पेंटाक्लोराइड आणि अमोनियम क्लोराइडपासून आपणच केलं तर?" नको. त्या रिऍक्शनमध्ये हायड्रोजन क्लोराइड वायूचा लोट निघतो, गरम क्लोरिनेटेड सॉल्व्हंट लागतं, आणि शेवटी ट्रायमर, टेट्रामर (आठ अणूंची रिंग) आणि त्याहून मोठ्या रिंगांची खिचडी हाती येते. शिवाय फॉस्फरस पेंटाक्लोराइड हे रासायनिक अस्त्र कराराच्या तिसऱ्या यादीत आहे. कॉलेजच्या कपाटात ते जितकं कमी तितकं बरं.

विकतचा ट्रायमरही तसाच वापरायचा नाही. बाटली उघडताना झाकणापाशी धूर किंवा झोंबरा वास आला तर ओल शिरली आहे असं समजा. हेक्झेनमध्ये गरम करून विरघळवा, न विरघळलेला चिकट गाळ गरम असतानाच गाळून टाका आणि थंड होऊ द्या. पांढरे, चकचकीत स्फटिक ११२ ते ११४ अंशांना वितळले की काम झालं. हे सगळं फ्यूम हूडमध्ये आणि हातमोजे घालून. ट्रायमरची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला चांगलीच त्रास देते, आणि तो तापवल्यावर सहज उडतो, हे हॉट प्लेटवर वाकून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पोटॅशियम कार्बोनेट हा या गोष्टीतला खरा खलनायक. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत बाटली दहा मिनिटं उघडी राहिली तरी पावडरीचे खडे होतात. खलात बारीक वाटा, मग १५० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, आणि डेसिकेटरमध्ये थंड करून लगेच वजन करा. आमच्या एका विद्यार्थिनीने वाटण्याचा कंटाळा केला. दोन दिवस रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आणत उकळणं) करूनही तिच्या एनएमआरमध्ये रेषांचं जंगल. वाटलेलं कार्बोनेट घालून तीच रिऍक्शन एका रात्रीत पुरी झाली.

पहिल्या पायरीचं सॉल्व्हंट टीएचएफ. ते वाळवायला सोडियम आणि बेन्झोफिनोनचं निळं भांडं लावण्याची गरज नाही. ३ अँगस्ट्रॉमचे मॉलेक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे दाणे) ३०० अंशांवर कोरडे करून टीएचएफच्या बाटलीत दोन-तीन दिवस ठेवले की पुरेसं कोरडं होतं, आणि आगीचा धोकाही नाही. मात्र बाटली जुनी असेल तर आधी पोटॅशियम आयोडाइडने पेरॉक्साइड तपासा. तपकिरी रंग आला तर ती बाटली ऊर्ध्वपातनाच्या जवळपासही नेऊ नका.

ऍसिटोन स्वस्त पडतं, मग टीएचएफ का? कार्बोनेटच्या सोबतीने आल्डिहाइड आणि ऍसिटोन तासन्‌तास उकळले तर त्यांचंच आपसात आल्डॉल जुळू लागतं. पिवळा चिकट माल मिळतो आणि दोष ट्रायमरला दिला जातो.

पहिली पायरी: सहा हात लावणं

प्रमाण लिहून घ्या. ट्रायमर ३.४८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल. ४-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड ८.०६ ग्रॅम, ६६ मिलिमोल. हिशोबाने ६० पुरेत, पण थोडं जास्त घेतल्याशिवाय शेवटचा क्लोरीन जात नाही. पोटॅशियम कार्बोनेट १६.६ ग्रॅम, १२० मिलिमोल. टीएचएफ एकूण १५० मि.ली.

२५० मि.ली.चा तीन तोंडी आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) घ्या. त्यात आल्डिहाइड, कार्बोनेट आणि १०० मि.ली. टीएचएफ घालून नायट्रोजनखाली जोरात ढवळा. बर्फात ठेवून शून्य अंशाला आणा. ट्रायमर उरलेल्या ५० मि.ली.मध्ये विरघळवून ड्रॉपिंग फनेलने अर्धा-पाऊण तासात थेंब थेंब सोडा. इथे उलट करू नका, म्हणजे ट्रायमरवर आल्डिहाइड ओतू नका. सुरुवातीपासून प्रत्येक रिंगभोवती फिनॉलची गर्दी असली पाहिजे.

मग बर्फ काढा, खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळा, आणि दुसऱ्या दिवशी २४ तास रिफ्लक्स. ढवळणं हा शब्द इथे मनापासून वापरला आहे. कार्बोनेट तळाशी बसलं तर रिऍक्शनही बसते. चुंबक लहान असेल तर बदला.

आणि रिफ्लक्स बुधवारी लावू नका. गुरुवारी पाणी बंद असण्याची पुण्यात सवय आहेच. कंडेन्सरमधलं पाणी पहाटे थांबलं तर सकाळी टीएचएफचा वास कॉरिडॉरभर आणि फ्लास्कमध्ये कोरडी ढेप. आम्ही आता नळावर विसंबतच नाही. बादलीत कूलरचा छोटा पंप, नळी बोहरी आळीच्या बाजारातून, आणि दर तीन-चार तासांनी बर्फाचा एक डबा. पाणीही वाचतं.

वर्कअप (माल वेगळा करून साफ करणं) सोपं आहे. थंड झाल्यावर गाळून मीठ काढा, मीठ थोड्या टीएचएफने धुवा, द्रव रोटाव्हॅपवर आटवा. उरलेला क्रूड बर्फाच्या पाण्यात ओतून ढवळा. पांढरट घन बुखनर फनेलवर गाळून घ्या. आता जास्तीचं हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड काढायचं. त्याचा पीकेए (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ७.६ च्या आसपास आहे, साध्या फिनॉलच्या १० पेक्षा बराच खाली. त्यामुळे ५ टक्के सोडियम कार्बोनेटच्या थंड द्रावणातच ते उतरतं, कॉस्टिक लागत नाही. गाळलेलं द्रावण पिवळसर दिसेल. पिवळेपणा संपेपर्यंत धुवा, मग पाण्याने. शेवटी गरम इथाइल ऍसिटेटमधून स्फटिक करा. पूर्ण हिशोबाचं वजन ८.६२ ग्रॅम. सहा-सात ग्रॅम शुद्ध माल मिळाला तर हात चांगला बसला म्हणायचं.

इथे थांबा आणि फॉस्फरस एनएमआर घ्या

टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवरच्या क्रोमॅटोग्राफीवर) विसंबू नका. सहाऐवजी पाच हात लागलेला रेणू आणि सहा लागलेला रेणू प्लेटवर जवळपास एकत्रच धावतात. फॉस्फरस-३१ चा एनएमआर मात्र खोटं बोलत नाही. निसर्गातला सगळा फॉस्फरस ३१ वस्तुमानाचाच असल्याने सिग्नल काही मिनिटांत मिळतो.

८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल शून्य धरलं तर ट्रायमर २० पीपीएमच्या आसपास एकच रेषा देतो. विकतच्या मालात टेट्रामर असेल तर तो शून्याच्या खाली, उणे ६-७ च्या जवळ दिसेल. पूर्ण झालेला हेक्साआल्डिहाइड ७ च्या आसपास एकच टोकदार रेषा देतो, कारण तिन्ही फॉस्फरस सारखे झाले. एक क्लोरीन जरी राहिला तरी सममिती मोडते. दोन फॉस्फरस सारखे आणि एक वेगळा, म्हणून ७ जवळ डब्लेट (दोन फाट्यांची रेषा) आणि वर २२ च्या बाजूला ट्रिप्लेट (तीन फाट्यांची). हा ट्रिप्लेट शोधायला शिका. तो नॉइझमधून डोकं वर काढत असला तरी माल परत फ्लास्कमध्ये घाला, थोडं आल्डिहाइड आणि ताजं कार्बोनेट टाकून आणखी एक रात्र द्या.

रिऍक्शन चालू असतानाच बघायचं असेल तर एक युक्ती आहे. अर्धा मि.ली. मिश्रण कापसातून गाळून थेट ट्यूबमध्ये घ्या आणि आत ड्यूटेरियमचं सॉल्व्हंट भरून बंद केलेली बारीक कॅपिलरी सोडा. यंत्राचा लॉक (चुंबकक्षेत्र स्थिर ठेवणारा संदर्भ) तिच्यावर लागतो, महागड्या सीडीसीएल-३ चा (ड्यूटेरियमवाल्या क्लोरोफॉर्मचा) थेंबही खर्च होत नाही.

प्रोटॉन एनएमआरमध्ये ९.९ ला आल्डिहाइडचे सहा, ७.७ आणि ७.१ ला बारा-बारा. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात, आकडे सेमी⁻¹ चे) १,७०० च्या आसपास कार्बोनिल, १,२०० च्या खाली फॉस्फरस-नायट्रोजनचा रुंद पट्टा, ९५० च्या पुढे फॉस्फरस-ऑक्सिजन-कार्बन.

यावर एवढा जोर देण्याचं कारण फक्त शुद्धतेचं नाही. पुढच्या पायरीत आपण हा माल १८० अंशांच्या डीएमएसओमध्ये टाकणार आहोत. फॉस्फरस-क्लोरीन बंध असलेले पदार्थ आणि डीएमएसओ यांचं अजिबात पटत नाही. फॉस्फरसची क्लोराइड्स डीएमएसओशी स्फोटक जोराने भिडल्याची नोंद आहे. २२ पीपीएमचा तो ट्रिप्लेट म्हणजे नुसता कमी मार्कांचा प्रश्न नव्हे. ट्रायमरची बाटली आणि डीएमएसओची बाटली आम्ही एका कपाटात ठेवतही नाही.

दुसरी पायरी: जाळं विणणं

५० मि.ली.च्या आरबीत हेक्साआल्डिहाइड ०.८६२ ग्रॅम (१ मिलिमोल), मेलामाइन ०.२५२ ग्रॅम (२ मिलिमोल) आणि कोरडं डीएमएसओ २० मि.ली. घ्या. सहा आल्डिहाइडला सहा अमाइन. नायट्रोजन २० मिनिटं द्रावणातून बुडबुडवा, मग वरून नायट्रोजनचा फुगा लावा. डीएमएसओ १८९ अंशांना उकळतं, म्हणून लांब एअर कंडेन्सर पुरतो. इथे पाण्याची चिंता नाही.

सिलिकॉन ऑइल बाथ, तापमान १८०, वेळ ७२ तास. हा आकडा वाचून घाबरला असाल तर चांगलंच आहे. डीएमएसओ या तापमानाजवळ हळूहळू फुटू लागतं आणि आम्लाचा अंश असेल तर हे फुटणं भडकतं. म्हणून उत्प्रेरक म्हणून "थोडं ऍसिटिक" टाकायचा मोह नको. कंट्रोलरचा सेन्सर तेलात नीट बुडालेला हवा. तो हवेत लटकला की हीटर तापवतच सुटतो. वेगळा ओव्हर-टेम्परेचर कटऑफ नसेल तर ही रिऍक्शन लावूच नका. पहिला दिवस स्वतः हजर राहा. प्रमाण २० मि.ली.च्या वर नेऊ नका, पुढे ढाल ठेवा, आणि हूडवर पदार्थाचं नाव, तापमान आणि फोन नंबर लिहिलेला कागद चिकटवा. रात्रीच्या वॉचमन काकांनाही दाखवून ठेवा. एकदा वीज गेली आणि परत आली तेव्हा आम्हाला फोन त्यांनीच केला होता.

मेलामाइन थंड डीएमएसओमध्ये नीट विरघळत नाही, पण गरम झालं की द्रावण स्वच्छ होतं. मग गढूळपणा येतो, आणि हळूहळू पांढरट गाळ जाड होत चुंबक अडवू लागतो. तो अडला तर अडू द्या. रंग गडद तपकिरी झाला तर मात्र हवा शिरली आहे किंवा तेल जास्त तापलं आहे.

आत काय घडतं? आधी आल्डिहाइड आणि अमाइन पाणी सोडून इमाइन बनतात. मग शेजारचं दुसरं मेलामाइन त्या इमाइनवर चढून अमिनाल बनवतं. त्यामुळे एकाच कार्बनला दोन नायट्रोजन धरून बसतात. म्हणूनच आयआरमध्ये १,७०० चा आल्डिहाइड गेला तरी इमाइनची ठळक रेषा येत नाही. ती शोधत बसू नका. ट्रायझिनच्या १,५५० आणि १,४८० च्या जोडीकडे बघा, आणि मेलामाइनचे ३,४०० च्या वरचे दोन टोकदार पट्टे पुसट झालेत का ते बघा.

धुणं, म्हणजे खरं काम

थंड झाल्यावर गाळा. एक हिशोब करून ठेवा: ८६२ अधिक २५२ वजा सहा पाण्याचे १०८, म्हणजे १,००६ मिलिग्रॅम. वजन याच्यावर गेलं तर तो तुमचा पराक्रम नाही, सॉल्व्हंट आहे.

क्रमाला अर्थ आहे. आधी फनेलवर उकळतं पाणी, कारण न लागलेलं मेलामाइन थंड पाण्यात जेमतेम विरघळतं आणि गरम पाण्यात बरंच. मग ऍसिटोन. त्यानंतर फिल्टर पेपरची थिंबल (नळकांडं) करून सॉक्स्लेटमध्ये (ताजं सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात) २४ तास टीएचएफ, म्हणजे अर्धवट वाढलेले तुकडे निघतात. आणि पुन्हा २४ तास मेथॅनॉल, डीएमएसओला छिद्रांबाहेर काढायला. पाण्याने ओली पावडर थेट ओव्हनमध्ये टाकण्याची चूक बरेच जण करतात. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, मेथॅनॉलचा २२ च्या आसपास. वाळताना पाणी बारीक छिद्रांच्या भिंती एकमेकांकडे ओढतं आणि आपलं लवचिक जाळं मिटतं. शेवटचं सॉल्व्हंट मेथॅनॉलच असू द्या.

वाळवणंही पायऱ्यांनी: खोलीच्या तापमानाला व्हॅक्यूममध्ये दोन तास, मग ६० अंश, मग १२० अंशांवर रात्रभर. पंपापुढे ट्रॅप लावा, नाहीतर डीएमएसओ पंपाच्या तेलात जाऊन बसतं.

धुणं पुरं झालं का, हे कळायला सीएचएनएस ऍनालिसिससारखी (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक यांची टक्केवारी) स्वस्त कसोटी नाही. आपल्या जाळ्यात गंधक नाहीच. एसच्या रकान्यात आकडा आला तर तो सगळा अडकलेल्या डीएमएसओचा. माझ्या त्या ११८ टक्क्यांचा उलगडा तिथेच झाला. आदर्श जाळ्यात नायट्रोजन सुमारे २०.९ टक्के येतो. प्रत्यक्षात थोडा कमी मिळतो, कारण टोकं उरतातच.

बीईटीला पाठवताना

पावडर एक्सआरडी (स्फटिकपणा तपासणारं क्ष-किरण विवर्तन) घ्या, पण तिथे बहुधा रुंद उंचवटाच दिसेल. माल अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेला आहे. त्याला प्रबंधात फ्रेमवर्क म्हणून स्फटिकाचा टेंभा मिरवू नका, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतो. 'सच्छिद्र कोव्हॅलंट पॉलिमर' हे नाव पुरेसं आहे. टीजीए (तापवत जाऊन वजनातली घट मोजणं) मजेदार असतो. फॉस्फरस आणि नायट्रोजन दोन्ही असल्याने नायट्रोजन वायूत ८०० अंशांपर्यंत तापवूनही काळा कोळसा बराच शिल्लक राहतो. फॉस्फाझिनं आगरोधक म्हणून वापरतात ती याच गुणासाठी.

पृष्ठफळासाठी १०० ते १५० मिलिग्रॅम द्या आणि फॉर्मवर "१२० अंश, १२ तास डीगॅस" असं स्पष्ट लिहा. रकाना कोरा सोडला तर ऑपरेटर त्यांच्या सवयीचं तापमान लावतात. वजन डीगॅसनंतरचंच धरायला सांगा. पावसाळ्यात ही पावडर बाटलीपासून तराजूपर्यंत जातानाच ओल पिते, आणि ते पाणी भागाकारात तुमचं पृष्ठफळ खाऊन टाकतं.

निकालाचा पीडीएफ आला की पहिल्या पानावरचा आकडा उचलू नका, कच्चा डेटा मागा. यंत्राचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३ हीच पट्टी लावतं. २ नॅनोमीटरच्या आतल्या छिद्रांसाठी ती चुकीची आहे, कारण तिथे छिद्रं त्याआधीच भरलेली असतात. शोषण गुणिले (एक वजा सापेक्ष दाब) हा गुणाकार जिथपर्यंत वाढत जातो तिथपर्यंतचेच बिंदू घ्या, आणि बीईटी समीकरणातला सी हा स्थिरांक धन आहे ना ते बघा. उणे आला तर तो आकडा प्रबंधात जाता कामा नये. नायट्रोजनच्या परतीच्या रेषेने जाण्याची रेषा कमी दाबालाही गाठली नाही तर घाबरू नका. मऊ पॉलिमरमध्ये असं दिसतं, कारण वायू भरताना जाळं फुगतं. उणे १९६ अंशांवर नायट्रोजन फार कमी गेला तर त्याच सॅम्पलवर शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइड घेऊन बघा. थंडीत अगदी अरुंद वाटांमधून नायट्रोजन सरकतच नाही, पण शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइड आरामात जातो. आमच्या दुसऱ्या, नीट धुतलेल्या बॅचचं रूप आम्हाला असंच कळलं. त्या बाटलीवर अजूनही मार्करने लिहिलेलं आहे: "मेथॅनॉल २४ तास, एस = ०".